आमच्या दारातला गलाटा

माझ्या थोरल्या जावेवर माझा राग आहे. होता नव्हे, आहे. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही, कारण मी तो निवू दिला नाही. रोज थोडं सरपण घालत गेले.

भांडण एका फुलावरून आहे, आणि फूलही असं की ते कुणी फुलदाणीत ठेवत नाही. मी मिरजेची. आमच्याकडे त्याला गलाटा म्हणतात, पुण्याकडे गलांडा. झेंडू कमी पडला की हारवाले हाच ओवतात. मुरमाड जमिनीत येतो, पाणी घालायला विसरलं तरी रुसत नाही, आणि एकदा फुलायला लागला की वर्षातले दहा महिने फुलतच राहतो. वाळलेली बोंडं तेवढी खुडत राहायची. बाजारात मिळतो तो तांबड्या तोंडाचा, नुसत्या कडा पिवळ्या. माझ्या वडिलांचा मात्र सगळाच्या सगळा पिवळा होता. पोस्टातून घरी आले की ते परसात उकिडवे बसायचे, आणि ज्या रोपाच्या फुलात तांबडा ठिपका दिसेल ते रोप उपटून टाकायचे. असं पंधरा-सोळा वर्षं केलं त्यांनी. मग कुठे तांबडं यायचं थांबलं. माझ्या लग्नात त्यांनी मला त्या बियांची पुडी दिली, औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालून, वर बूच घट्ट लावून.

बंगळूरला, हेब्बाळजवळच्या सासरी आले. सासरचे मराठीच, पण इथे येऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता येत नाही. वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कन्नडमध्ये संपायचं. पहिल्याच आठवड्यात, स्वयंपाकघरात चारचौघी असताना, मी जावेला विचारलं, "अक्का, दारापुढं मी गलाटा लावू का?"

तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मला काय माहीत, इथल्या भाषेत गलाटे म्हणजे भांडण, आरडाओरडा. "ऐकलात काय गे?" ती बाकीच्यांना म्हणाली. "आठ दिवस झाले नाहीत येऊन, आणि दारापुढं गलाटे लावते म्हणते!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. नवी सून दुसरं काय करणार? पण ते नाव चिकटलं. लग्नामुंजीत ती माझी ओळख करून द्यायची ती अशी: ही आमची गलाटे. तरी मी बी लावलं. फाटकापासून ओट्यापर्यंत हातभर रुंदीची माती होती, तिथे. तीन महिन्यांत पट्टा पिवळा झाला आणि पुढची तेरा वर्षं तो पिवळाच राहिला. रोपं म्हातारी झाली की मी बुंध्याची फूट काढून नवी लावायची. ठिपका दिसला तर उपटायची. नाव ठेवून घेतलं, पण फूल ठेवलं.

नऊ वर्षांपूर्वी वडील गेले. मी पंधरा दिवस मिरजेला होते. तिथल्या परसात भावानं आधीच खोल्या बांधल्या होत्या, म्हणजे वडिलांचं ते पिवळं आता फक्त माझ्या दारात उरलं होतं. परत आले, ऑटोतून उतरले, तर फाटकापासून ओट्यापर्यंत करड्या फरश्या. पुतण्यानं गाडी घेतली होती आणि ती उभी करायला जागा हवी होती. मी बॅग हातात धरूनच विचारलं, "माझी रोपं कुठं आहेत?"

"ते जंगल होय? काढून टाकलं," अक्का म्हणाली. "कचऱ्याच्या गाडीत गेलं. सुम्मने, उगीच तोंड पाडू नको गे. फुलंच होती की, माणूस थोडंच होतं?"

वडिलांचं तेरावं करून आलेल्या मुलीला ती हे म्हणाली. तिच्या लक्षातही आलं नाही. मला तेच जास्त लागलं.

गटाराच्या पाइपापाशी एक फरशी नीट बसली नव्हती. दीड महिन्यानं त्या फटीतून दोन पानं वर आली, खरखरीत, बारीक लव असलेली. मी ते रोप चमच्यानं सोडवून घेतलं आणि मागच्या बाजूला, धुण्याच्या दगडाजवळ तेलाच्या डब्यात लावलं. त्याला पहिलं फूल आलं ते सगळं पिवळं. त्या दिवशी मी रडले वगैरे नाही. मी ठरवलं, आता हिची जिरवायची.

दुसऱ्या वर्षी एका डब्याचे बारा डबे झाले. घरातली देवपूजा माझ्याकडे होती. मी रोज देवांना गलाटा वाहायला लागले. जास्वंद असली तरी गलाटाच. गणपतीच्या डोक्यावर गलाटा, लक्ष्मीच्या पायाशी गलाटा. अक्का अंघोळ करून यायची आणि तिला त्याच्यापुढं वाकावं लागायचं. मी दाराशी उभी राहून बघायची, आणि मला फार बरं वाटायचं. एकदा न राहवून ती म्हणाली, "देवाला असलं कसलं फूल गे?"

"चालतं अक्का," मी म्हटलं. "देव गलाटे करत नाही."

गच्चीवर तिचे गुलाब होते, जिवापाड जपलेले. त्या कुंड्यांत मी मूठमूठ बी टाकायची. ती उपटायची, मी टाकायची. शेजारणीला ती सांगायची की वाऱ्यानं येतं काय की. वारा त्या वेळी खाली धुणं वाळत घालत असायचा.

नवरा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून दमून यायचा आणि हे सगळं बघून म्हणायचा, "सोड की आता." मी म्हणायची, "तिनं एकदा चुकलं म्हणावं. एकच शब्द. त्याच दिवशी सोडते." मला खरंच तेवढंच हवं होतं. ते तिला कळतही होतं, आणि म्हणूनच ती म्हणत नव्हती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली ती. मी तरी कुठं वेगळी होते म्हणा.

मग थोरले दीर गेले. पुतण्यानं बेळ्ळंदूरला चौदाव्या मजल्यावर घर घेतलं होतं, तो आईला तिकडे घेऊन गेला. सुंठीवाचून खोकला गेला, असं मला वाटायला हवं होतं. वाटलं उलटंच. ती तो शब्द न म्हणता निघून गेली, आणि मी इकडे देवापुढं फुलं वाहून बघते तर वाकायला कुणी नाही.

दोन वर्षं अशी गेली. यंदा एका सकाळी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, सरळ म्हणाली, "तुझ्या त्या फुलाचं बी दे गे स्वल्प."

"कुठल्या फुलाचं?" मला कळलं होतं. तिच्या तोंडून काढून घ्यायचं होतं.

"तेच. गलाट्याचं." तिचे गुलाब मेले होते. बाल्कनीत दुपारनंतर ऊन भाजून काढतं, वारा कुंड्या पाडतो, काही टिकत नाही म्हणाली. "हट्टी काहीतरी पाहिजे बघ इथं."

ज्याला जंगल म्हणाली तेच मागायला आली. मी हो म्हटलं. रविवारी पुतण्या लोणच्याची बरणी न्यायला येणार होता. रविवारी सकाळी मी मूठभर बी घेतलं, चांगलं, त्याच वर्षीचं. लोखंडी तवा ठेवला आणि मंद आचेवर ते बी परतलं, तीळ परततात तसं. त्यावरची लव आधी जळाली, मग दाणा काळपट झाला. गार होऊ दिलं, कागदाची पुडी बांधली आणि पुतण्याच्या हातात दिली. "रोज पाणी घालायला सांग आईला," असंही वर सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. मुलगा-सून कामाला गेले की अकराच्या सुमाराला. "चौथा दिवस. काही नाही." "आठवा दिवस. काही नाही गे." मी सल्ले द्यायची. कुंडी सावलीत घ्या. आता उन्हात घ्या. आता त्या कोपऱ्यात ठेवा, समोरचा वारा सोसत नसेल. तिचे गुडघे दुखतात हे मला माहीत होतं. ती कुंडी ओढायची, धापा टाकायची, आणि मी कणीक मळत फोन खांद्याशी धरून ऐकायची. इतकं समाधान मला त्या सगळ्या वर्षांत मिळालं नव्हतं.

फोन मग लांबायला लागले. बी उगवलं नाही हे अर्ध्या मिनिटात संपायचं. पुढं त्यांच्या इमारतीजवळच्या घाण तळ्याचा वास, बंद पडलेली लिफ्ट, मजल्यावर सगळे हिंदी बोलतात आणि कन्नड ऐकायचं तर खाली भाजीवाल्याकडे जावं लागतं, हे सगळं. मी हुं हुं करायची. एकदा साडेअकरा झाले तरी फोन आला नाही, तर मी दोनदा फोन उचलून बघितला, चालू आहे ना.

चाळीस-एक दिवस झाले असतील. "काही नाही उगवलं" म्हणून झालं. मी म्हटलं, "कधीकधी उशीर लागतो अक्का."

ती म्हणाली, "भाजलेलं बी उगवतं काय गे?"

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी म्हटलं, "काय?"

"पुडी उघडली तेव्हाच वास आला. वीस वर्षं एका तव्यावर भाकऱ्या केल्या आपण. मला कळणार नाही?"

"मग पेरलं कशाला?"

"सुम्मने पेरलं. रोज पाणी घातलं की तुला फोन करायला काही असतं." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं झालं असतं. "पहिल्याच दिवशी बोलले असते तर दुसऱ्या दिवशी तू फोन उचलला असतास काय?"

नसता उचलला. माझे कान तापले. मी तिला खेळवते आहे असं चाळीस दिवस समजत होते, आणि ती सगळं माहीत असून कुंडी ओढत होती. आणि भाजलं ते तरी काय होतं? वडिलांनी उकिडवं बसून निवडलेलं बी. तिनं उपटलं ते न कळून. मी भाजलं ते पुरतं कळून, तव्याजवळ उभी राहून.

'चुकलं' जिभेवर आलं होतं. पण ते आधी तिनं म्हणायचं होतं. नऊ वर्षं मी त्या शब्दाची वाट बघितली होती, तो मी तिला असा फुकट कसा देऊ? मी ओठ दाबून धरले. माझ्या मागं कुकरची शिट्टी झाली, तिच्याकडे कुणीतरी दाराची घंटा वाजवून गेलं. फोन दोघींनीही ठेवला नाही.

शेवटी तीच म्हणाली, "मग आज पाणी घालू की नको?"

"घाला," मी म्हटलं. "स्वल्प घाला."