बुचडा सोड

"ए म्हातारे, बुचडा सोड."

सुपरवायझर माझ्या सासूला म्हणाला. गुलाबाच्या पॉलिहाऊसच्या फाटकावर, सुटीच्या वेळी, सगळ्यांच्या देखत. फवारणीचे गडी होते, टेम्पोवाला होता, वॉचमन होता. आत्याबाईंना आधी कळलंच नाही. त्यांनी डबा उघडून दाखवला, पिशवी झटकून दाखवली. रोज तेवढंच बघायचे.

"डबा नको. केस सोड. केसात फुलं नेता तुम्ही. मॅडमची ऑर्डर आहे."

लग्न होऊन वडिवळ्यात आले तेव्हापासून मी आत्याबाईंचे केस मोकळे पाहिले नव्हते. न्हाल्यावरसुद्धा त्या मोरीतच बुचडा बांधायच्या आणि मगच बाहेर यायच्या. आमच्यात बाई चारचौघांत केस सोडून उभी राहते ती दोनच वेळा. घरात माणूस गेल्यावर, नाहीतर अंगात आल्यावर.

त्यांनी पदर मागे सारला. एकेक आकडा काढून दातात धरला. पांढरे, विरळ केस खांद्यावर आले. सुपरवायझरनं ते हातातल्या पेननं उचलून बघितले. हात लावायची त्याला किळस वाटत होती.

एक फूल खाली पडलं. मान मोडलेलं. असलं फूल बाजारात चालत नाही, आम्हीच दिवसभर ती उचलून मागच्या खड्ड्यात टाकतो. तिथं ती कुजतात. त्यातलं एक आत्याबाईंनी देव्हाऱ्यासाठी घेतलं होतं.

"चोर," तो म्हणाला आणि हसला. टेम्पोवालाही हसला.

रांगेत पुढची मी होते.

"तू सोड."

"न्हाई सोडनार."

"मग उद्यापासून येऊ नको."

"न्हाई येत."

मला वाटलं, आता मागच्या बायका बोलतील. एकही बोलली नाही. रेहाना कामशेतची, माझ्या शेजारच्या ओळीत कळ्या तोडायची. तिनं डोक्यावरची ओढणी घट्ट धरून ठेवली होती. मग तिनंही ती काढली. मी फाटकाबाहेर उभी राहून एकेकीचे केस सुटताना पाहिले. राग त्याचा जास्त आला की आमचा, ते मला आजही सांगता येत नाही.

घरी येताना आत्याबाई म्हणाल्या, "पोरी, गप ऱ्हायाचं व्हतंस. काम गेलं."

"आन तुमची अब्रू गेली ती?"

"ती गेलीच. म्हनून काम बी घालवायचं का?"

ते पॉलिहाऊस उभं आहे त्या जमिनीत आत्याबाईंनी तरुणपणी भाताची लावणी केलीय. तेव्हाही मजुरीच होती आणि तेव्हाचा मालक काही देव नव्हता. पण बांधावर आला तर 'मावशी' म्हणायचा. आता मालकीण म्हणजे पुण्याच्या मॅडम, आणि फाटकावर 'ए म्हातारे'. याला म्हणे विकास म्हणतात.

नवऱ्याला सांगितलं. तो तळेगावकडच्या कारखान्यात कामाला आहे. तो उठलाच, म्हणाला, आत्ता जाऊन त्याचे दात पाडतो. मी दारात आडवी उभी राहिले. दात पाडले असते तर हा आत गेला असता आणि सुपरवायझर नवे दात बसवून परत फाटकावर. नवरा खाली बसला. म्हणाला, "आमच्या युनियनच्या भाऊंना भेट."

युनियनचं ऑफिस वडगावला, कोर्टाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानावर. सगळे कारखान्यातले पुरुष. माझं ऐकून एकजण म्हणाला, "फुलवाल्यांची युनियन? उद्या गजरेवाल्यांची पण काढू." बाकीचे हसले. भाऊ हसले नाहीत. ते युनियनचे अध्यक्ष, स्वतः कारखान्यातून दोनदा काढलेला माणूस.

"एकट्याच आलात?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मग आज कायबी व्हनार न्हाई. एकटीनं सांगितलं तर ती तक्रार. समद्यांनी सांगितलं तर मागनी. जावा, बायका घेऊन या."

मी दारोदार फिरले. कुणी चहा दिला, कुणी दारच उघडलं नाही. "आपलं हातावरचं पोट," म्हणायच्या, जसं काही माझं पोट दुसऱ्या कुणाच्या हातावर होतं. पहिली सही रेहानानं केली. "माज्या अब्बांनी कधी माज्या वढनीला हात लावला न्हाई," ती म्हणाली. "ह्यो कोन लागून गेला?" तिच्यामागून कामशेतच्या चौघी आल्या. मग वडिवळ्याच्या. आत्याबाईंनी सही केली नाही. त्या अजून कामावर जात होत्या, रोज फाटकावर केस सोडत होत्या आणि घरी येऊन माझ्याकडे न बघता भाकरी थापत होत्या.

मागण्यांचा कागद भाऊंनी लिहिला. पगार, फंड, मुतारी, फवारणी चालू असताना बायकांना बाहेर ठेवणं. सगळ्यात खाली, 'महिलांना सन्मानाने वागवावे.'

"भाऊ, ह्ये काय लिवलंय?" मी म्हटलं. "सन्मान म्हंजी काय? मॅडम म्हनतील, देतोच की. सरळ लिवा, फाटकावर बुचडा सोडायला लावायचा न्हाई. आन ते पयलं लिवा."

"पगार पयला असतो ताई."

"तुमच्यात आसंल."

भाऊंनी कागद फाडला आणि नवा घेतला. पहिल्या ओळीत बुचडा आला. कुठल्या युनियनच्या कागदावर हा शब्द त्याआधी कुणी लिहिला असेल, असं मला वाटत नाही. त्या दिवशी मला भाऊ पटले.

कागद मॅडमना पोचला. उत्तर आलं नाही. भाऊ म्हणाले, आणखी एक पाठवू. मी म्हटलं, कागद पुरे. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि गुलाबाच्या धंद्याचं नाक म्हणजे फेब्रुवारी. प्रेमाचा दिवस येतो, सगळा माल त्यासाठी राखलेला असतो. कळी वेळेवर तोडली नाही तर उमलते. उमललेलं फूल विमानात चढत नाही.

ऐन तोडणीत आम्ही फाटकावर बसलो.

पहिल्या सकाळी आत्याबाई डबा घेऊन कामाला निघाल्या होत्या. फाटकापाशी आल्या, आम्हाला बघितलं, उभ्या राहिल्या. आतून सुपरवायझर ओरडला, "म्हातारे, येतेस का हाकलू?" आत्याबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. डबा उघडला, माझ्यापुढे ठेवला.

दिवस सोपे नव्हते. दोघींच्या नवऱ्यांनी त्यांना हाताला धरून घरी नेलं. एकीची चूल थंड होती, ती लाजेनं सांगत नव्हती. युनियननं तांदूळ आणला, तिच्या घरी आधी पोचवला आणि बोभाटा केला नाही. ज्यांनी गजरेवाल्यांचा विनोद केला होता तेच कामावरून सुटले की येऊन आमच्या मागं बसायचे. बाहेरून मजुरांचा टेम्पो आला तेव्हा भाऊ पुढं झाले आणि त्या मजुरांशी त्यांच्या हिंदीत बोलले. हात उगारला नाही. टेम्पो आला तसा माघारी गेला.

आणि आत गुलाब उमलत गेले. प्लास्टिकच्या पांढऱ्या भिंतीतून लाली दिसायला लागली. मी तिथं इतकं काम केलं, पण फूल पुरतं उमललेलं कधी बघितलंच नव्हतं. सगळा माल वाया चालला होता आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू? कुजू दे सगळं, असंच वाटत होतं.

मग मॅडम आल्या. पुण्याहून, गाडी घेऊन. उतरल्या, हात जोडले, गोड बोलल्या. "तुम्ही सगळ्या मला घरच्यासारख्या. असं कुणी घरच्यांशी वागतं का? चला, आत बसून बोलू."

भाऊ उठले. मी उठले नाही.

"मॅडम," मी म्हटलं, "फाटकातून जायाचं तर तुमचा बुचडा सोडा."

भाऊ हळूच म्हणाले, "ताई, नको." मॅडमचे केस वर घेऊन क्लिपमध्ये अडकवलेले होते. त्यांचा हात आपोआप तिथं गेला. केसांवर दाबून धरला.

त्यांना कळत होतं तर! ऑर्डर देतानाही कळत असणार. हे मला त्या क्षणी समजलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस मी समजत होते की या लोकांना ठाऊक नसतं.

तेवढ्यात आत्याबाई उठल्या. ज्या मला गप राहा म्हणाल्या होत्या, त्याच.

"सोड की बाई," त्या म्हणाल्या. "काय लपिवलंयस, बघू दे आमास्नी. आमी काय परक्या हाय व्हय? घरच्याच की."

मॅडमनी केस सोडले नाहीत. पण आतही गेल्या नाहीत. तिथंच, फाटकाबाहेर, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून करार झाला. पहिली ओळ त्यांना मोठ्यानं वाचायला लावली. वाचताना त्या अडखळल्या. मी म्हटलं, "ऐकू न्हाई आलं. परत."

तपासणी बंद झाली. मी कामावर परत गेले. मुतारी आली, पगार वाढला, फवारणीच्या वेळी आम्ही बाहेर असतो. युनियनच्या ऑफिसात आता आमच्या बायकांची बैठक भरते आणि कुणी हसत नाही. सुपरवायझरला मॅडमनी पवना धरणाकडच्या त्यांच्या दुसऱ्या पॉलिहाऊसवर पाठवलं.

भाऊ म्हणाले, "ताई, जिकलो. आता राग सोडा."

नाही सोडला. तिकडेही बायका आहेत आणि तिकडे करार नाही. तो तिथंही फाटकावर उभा राहतो, तिथंही तेच बोलतो. तिथली एक बाई वडगावच्या बाजारात रेहानाला भेटली आणि सांगताना रडली. म्हणजे मॅडमनी माणूस सुधारला नाही, फक्त हलवला.

आता सुटीच्या दिवशी आम्ही तिघी तिकडे जातो. मी, रेहाना आणि आत्याबाई. आत्याबाईंचे गुडघे दुखतात, तरी येतात. परक्या बायकांपुढे बसून फाटकावर काय झालं ते स्वतः सांगतात, एक शब्द न गाळता. त्यांचं ऐकून बायका सह्या करतात. निम्म्याहून जास्त झाल्यात.

मी माफ केलेलं नाही आणि करणार नाही. या वेळी बदलीवर भागणार नाही. त्या माणसाला त्याच्याच फाटकावर आत्याबाईंच्या समोर उभा करणार. त्याचं पुढं काय करायचं ते त्या ठरवतील.

तिकडच्या झाडांना कळ्या धरल्यात. फाटकावर बसायचा दिवस आम्ही ठरवलाय.