आमच्या मंडळाचा ताल अन् शकूचा गळा

किस्से म्हंजे घरातल्या कॅरीबॅगा. टाकवत न्हाईत, साठत जात्यात, अन् एक वढली की धा बाहेर पडत्यात! माज्या सगळ्या कॅरीबॅगा आमच्या बायांच्या भजनी मंडळाच्या. पारनेरजवळचं आमचं गाव, बारा बाया, अन् पेटीवर मी. शाळा चौथीपत्तुर, पेटी कानानं शिकले. सगळ्याजनी मला आत्या म्हनत्यात, अन् खोड्या काडते म्हनून शिव्या बी देत्यात.

गायाला आमची शकू. तिचा गळा म्हंजे आमच्या समद्यांची इस्टेट! पन गेल्या साली तो गळाच बसला. जाड, घोगरा. अंगावर सूज, केस गळायले, भर मे महिन्यात स्वेटर घालून बसायची. येक दिस म्हनली, "आत्या, दुसरी गायनारी बघा. माजा गळा मेला."

म्हनले, "मेला आसंल तर तेराव्याला जेवायला बोलिव. तवर गप गा!"

हासली न्हाई. गानं सोडलं, घरात बोलनं बी सोडलं. नवरा किसन मला म्हनला, "आत्या, घर कसं बंद पडल्यावानी झालंय."

*

त्याच टायमाला टाळवाली वत्सला उलट्याच वाटंनं चालली हुती. वाळून काटकी, डोळं मोठ्ठं, हात थरथर. तिचा टाळ आसा पळायचा की आमचा अभंग निम्म्या येळात संपायचा! शकूला कसंबसं गायाला बशिवलं, तर ती येकेक शबूद वढत न्यायची. येकीची एक्सप्रेस, दुसरीची मालगाडी, अन् मधी मी पेटी घिऊन फाटकावानी उभी!

म्हातारे आबा देवळात रोज यायचे. म्हनले, "आज लवकर संपलं. परसाद तयार न्हाई आजून!"

मी तवाच वळखलं, ह्यो तालाचा दोस न्हाई, अंगाचा हाय. दोगींना यष्टीत घातलं अन् नगरला डॉक्टरीन बाईंकडं नेलं.

*

बाईंनी दोगींचं रगत तपासलं अन् समजावून सांगितलं. "गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी थायरॉइड ग्रंथी असते. तिचा हार्मोन रक्तातून सगळीकडे जातो आणि शरीराला वेग सांगतो. जास्त झाला की हृदय धावतं, हात थरथरतात, वजन उतरतं. कमी पडला की सगळं मंदावतं, थंडी वाजते, आवाजसुद्धा जाड होतो."

म्हंजे गळ्यातच टाळकरी बसलाय की! वत्सलाचा पळतोय, शकूचा पेंगतोय.

मी म्हनले, "बाई, मंग वत्सलाचं जास्तीचं वाटीभर शकूला देता न्हाई का येत? आमी शेजारनीला विरजन देतो तसं."

बाईंच्या हातातला पेन खाली पडला. "आजी, आयडिया छान आहे, पण तूर्तास गोळ्याच घेऊ या!"

दोगींना येगयेगळ्या गोळ्या. वत्सलाचा टाळ दोन-तीन महिन्यांत रुळावर आला. शकूचा गळा मातर हलंना.

*

आमची गंगू शुगरवाली, इन्शुलिनची सुई घेती. एकादशीला सकाळी सुई टोचली अन् वरून उपास धरला! भजन रंगात आलं अन् गंगू घुमायला लागली. घामानं डबडबली, डोळं तारवटलं, तोंडानं कायतरी पुटपुटायली.

"अंगात आलं, अंगात आलं!" बाया पाया पडाया लागल्या. कुनी मळवट भरला. येकीनं तर इचारलं, "आई, माज्या पोराचं लगीन कवा जमंल?"

मी नगरला बाईंकडनं ऐकलेलं हुतं, सुई घिऊन उपाशी ऱ्हायलं की रगतातली साखर पार उतरती. पेटी सोडली, तांब्यात मूठभर साखर कालवली. गिळतीया का बघितलं, अन् घोट-घोट पाजली. धा मिन्टात देवीनं डोळं उघाडलं अन् वरडली, "नव्या साडीवर कुंकू कुनी सांडलं गं?"

तवापस्नं गंगूनं सुई घिऊन उपास धरायचं सोडलं. अन् आमच्या मंडळात देव जरी आला तरी आदी साखर!

*

तीन महिने झालं तरी शकू तशीच. बाईंनी इचारलं, "गोळी कशी घेता?"

"चहासंगं. चहाबिगर सकाळी काय बी उतरत न्हाई, बाई."

"तिथंच चुकतंय! उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. मग तासभर चहा नाही. आणि आता धीर धरा, आवाजाला काही महिने लागतील."

किसननं बी तवाच ठरीवलं, शकू पेईल तवाच आपला चहा. दोगं रोज सकाळी वट्यावर घड्याळ बघत बसायची. मी काय केलं? कपबशी घिऊन त्यांच्या म्होरं जाऊन बसायचे अन् फुर्रर्र करून प्यायचे!

किसन म्हनायचा, "आत्या, वर गेल्यावर तुमाला चहा मिळनार न्हाई!"

त्यावर शकू हासली. हासू बी घोगरंच, पन कितीक महिन्यांनी हासली!

*

मधीच पारनेरला भजन स्पर्धा आली. भरिवनारा फोनवर म्हनला, "तुमच्या बाईंचा आवाज गेलाय म्हनं. दुसरी गायनारी आना, नंबर येईल."

मी मोबाईल स्पीकरला टाकला हुता. बारा जनी येकदम वरडल्या, "न्हाई!"

शकू नगं-नगं म्हनत हुती, तिला उचलूनच जीपीत बशिवली. तिचा गळा लागंल तितकी मी पेटीची पट्टी खाली आनली. परीक्षकानं इचारलं, "इतक्या खालच्या पट्टीत का गाता?"

गंगू ताठ बसून म्हनली, "सायेब, आमची गायनारी जिथं बसती, तिथंच आमी समद्या बसतो."

नंबर न्हाई आला. पन जीपीतनं येताना आमच्या माना अशा ताठ, जनू ढाल आमीच आनली!

*

अन् ह्ये दिवाळीनंतरचं. सकाळी मी नळावर. येकदम वढ्यापल्याडनं आवाज आला, खनखनीत, थेट शाळंपत्तुर!

"अवंऽ, डोळं कुटं ठिवलंत? मोबाईलात? कालवड कांद्याच्या रोपात शिरली की! बांदायचं कळत न्हाई व्हय?"

माजा हंडा सुटला. वत्सला, गंगू, सगळ्या पदर खवून पळाल्या. बांदावर ह्ये गर्दी! शकू कमरंवर हात ठिवून दम न घेता किसनला झाडत हुती, त्याच्या सात पिढ्यांसकट.

कालवड रोप खातच हुती. किसननं तिच्याकडं बघितलं बी न्हाई. त्यो खाली बांदावर बसला, डोक्यावरची टोपी काडली, मांडीवर हातानं ताल धरला अन् म्हनला,

"शकू... आजून येक कडवं हुं दे!"