बंद करता येतं, उघडता येत नाही

हॉस्पिटलात त्यांना सगळे किल्लीदार म्हणत. मजल्यामजल्यावरच्या कपाटांत जे स्विच असतात, ज्यांत साऱ्या कॉम्प्युटरच्या आणि मशिनच्या वायरी येऊन मिळतात, त्यांचे पासवर्ड वर्षानुवर्षं त्यांच्या एकट्याजवळ होते. माणूस देवमाणूस, पण कुणी पासवर्ड मागितला की किडनी मागितल्यासारखा चेहरा करायचे. थोरल्या ताईला भावाचं कोण कौतुक! "आमच्या ह्याने मनात आणलं तर अख्खं हॉस्पिटल ठप्प होईल," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

मग हॉस्पिटल एका मोठ्या कंपनीने घेतलं आणि मुख्य कार्यालयातून फर्मान सुटलं. यापुढे प्रत्येकाची भूमिका ठरवा, आणि त्या भूमिकेला लागतील तेवढ्याच कमांड द्या. पूर्ण अधिकार फक्त मुख्य कार्यालयाकडे. हे नियम लिहायचे कुणी, तर किल्लीदारांनी! आपल्याच हातांनी आपले हात बांधायचे. बिचाऱ्यांनी दातओठ खात एका बैठकीत सगळं उरकलं. स्वतःच्या भूमिकेत स्विचवरचा पोर्ट, म्हणजे एकेक वायर जिथे जोडतात ती खाच, बंद करायची कमांड घातली. उघडायची कमांड वेगळी, ती निराळी लिहावी लागते. ती राहून गेली. पूर्ण अधिकार हातात होते तोवर तपासायला हवं होतं, पण रागावलेला माणूस कधी काही तपासतो का?

पुढे बरेच दिवस बिनबोभाट गेले. मग ताईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि तिला तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात आणलं. तिथे प्रत्येक खाटेजवळच्या मॉनिटरचे आकडे नर्सच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर दिसतात. एका सकाळी तो पडदा मधेमधे गोठायला लागला. किल्लीदारांना हा आजार तोंडपाठ होता. पोर्ट बंद करायचा, पुन्हा उघडायचा, की संपलं. त्यांनी बंद केला. उघडायला गेले, तर समोर उत्तर आलं: परवानगी नाही.

पडदा काळा झाला.

वायर दुसऱ्या पोर्टात घालावी, तर रिकामे पोर्ट सुरक्षेसाठी त्यांनीच कधीचे बंद करून ठेवलेले. अख्खा स्विच बंद करून चालू करावा, तर त्याच्यावरच शेजारचं ऑपरेशन थिएटर, आणि आत ऑपरेशन चाललेलं. त्यांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला.

"तक्रार नोंदवली आहे. साहेबांची मंजुरी आली की उघडतो."

"अहो, एका ओळीचं काम आहे!"

"खरंय हो. पण साहेब मीटिंगमध्ये आहेत."

इकडे आड, तिकडे विहीर. किल्लीदार जिन्याने धावत वॉर्डात गेले. दोन नर्स या खाटेवरून त्या खाटेकडे पळत होत्या. त्यांतली मोठी म्हणाली, "तुमच्या बहिणीजवळ तुम्ही बसा. खाटेजवळच्या मॉनिटरवरचा हा ठोक्यांचा आकडा पन्नासच्या खाली गेला की बेल दाबा. दुसरं काही करू नका."

ते बसले. ताईने डोळे किलकिले केले.

"कामाच्या वेळी इथे कसा रे?"

"असाच."

"खाली सगळं ठीक आहे ना?"

"हो," किल्लीदार म्हणाले. ताईशी ते आजवर कधी खोटं बोलले नव्हते.

आकडा बराच वेळ एका जागी होता. मग घसरू लागला. चोपन्न. एक्कावन्न. एकोणपन्नास. त्यांनी बेल दाबली आणि दाबूनच धरली. मोठी नर्स धावत आली, मागून डॉक्टर आले, आणि कुणीतरी किल्लीदारांना खांद्याला धरून बाजूला सारलं. थोड्या वेळाने ताईला स्ट्रेचरवर घेतलं. अतिदक्षता विभागात हलवायचं होतं.

जाता जाता तिने नर्सची बाही धरली. आवाज पार खोल गेला होता.

"घाबरू नका हो. माझा भाऊ इथलाच आहे. सगळं त्याच्या हातात असतं."

नर्सने किल्लीदारांकडे पाहिलं. त्यांना वाटलं, आत्ताच्या आत्ता पुढे व्हावं आणि सांगून टाकावं, ताई, माझ्या हातात काही नाही गं. पण तोवर स्ट्रेचर लिफ्टमध्ये शिरलं.