खुर्चीवरचा कोट

अरविंद गेल्याचा फोन मला त्याच्या मुलीच्या आधी एका राजदूत बाईंचा आला. जूनमधली सकाळ होती, तो बैठकीच्या दालनाबाहेरच कोसळला होता. बाई पॅसिफिकमधल्या एवढ्याशा देशाच्या. न्यूयॉर्कमधलं त्यांचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या आणि तीन माणसं. "ही वॉज अवर फोर्थ," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघे न्यू जर्सीत एकाच कंपनीतून निवृत्त झालो. तरुणपणी अरविंदने बाईंच्या त्या बेटांच्या देशात बोटींसाठी धक्का बांधला होता. वहिनी गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा त्याने त्याच देशाचं काम फुकट अंगावर घेतलं. जागतिक परिषदेच्या बैठका एकाच वेळी चार-चार दालनांत चालतात. मोठे देश माणसांची फौज पाठवतात, हे तिघे कुठे कुठे पुरणार? मग अरविंद देशाच्या पाटीमागे जाऊन बसायचा. "अरे, खुर्ची रिकामी दिसली की लिहून टाकतात, कोणाची हरकत नाही," तो म्हणायचा. मी त्याला 'महामहीम' म्हणून चिडवायचो.

त्यांचं सगळं भांडण कराराच्या मसुद्यातल्या एका वाक्यासाठी होतं: जमीन पाण्याखाली गेली तरी भोवतीचा समुद्र आमचाच राहील. ते वाक्य गेलं तर मासेमारीची मोठमोठी जहाजं आणि त्यांच्यामागून आरमारं यायला टपलेलीच होती.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दोन महत्त्वाच्या बैठका एकदम आल्या. त्याने माझाही पास काढून ठेवला होता. "यार, फक्त बस. कोणी ते वाक्य काढायला निघालं तर हात वर कर." बर्फ पडत होता, मी आयत्या वेळी कॅन्सल केलं. खरं सांगायचं तर कंटाळा केला. त्या दिवशी ते वाक्य मसुद्यातून गेलं. अरविंद मला एका शब्दाने बोलला नाही, पण पुन्हा कधी विचारलंही नाही. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

महिन्याने त्याची मुलगी घर आवरायला आली, तेव्हा मीही गेलो. जेवणाच्या टेबलाशी दोन खुर्च्या, आणि वहिनींच्या खुर्चीवर त्याचा जुना कोट. एकट्याने जेवताना ती रिकामी दिसू नये म्हणून तो बारा महिने तिथेच टाकलेला असायचा. "काका, कॅन आय डोनेट धिस?" तिने विचारलं. मी खिसे तपासले. आतल्या खिशात पास निघाला. फोटो माझा, वर्ष यंदाचं. मला न विचारता तो दर वर्षी नवा करून घेत होता...

कोट मी घरी आणला. माझीही समोरची खुर्ची बरीच वर्षं रिकामीच आहे, तिच्यावर टाकला. मंगळवारी ते वाक्य पुन्हा चर्चेला येतंय, आणि याही वेळी बैठका दोन आहेत. मी येतो म्हणून बाईंना कळवलंय. फक्त अरविंदला सांगायचं राहिलं.