पत्र्यावरचा एक पाय

तमाम सोलापूरकरांस जाहीर कळवण्यात येते की, माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीआधी आमच्या घराण्याचा वंश छपरावर एका पायावर उभा होता. तो वंश म्हणजे मी.

नालीदार पत्र्यांवर वर्षाची धूळ आणि गिरणीच्या धुराड्याची काजळी थापली होती. "पत्रा गंजलाय, वर चढू नको, गडी लावू," असं वडिलांनी बजावलं होतं. म्हणून ते बाहेर पडताच मी खराटा घेऊन चढलो. पत्र्यावर खिळ्यांच्या रांगेवरूनच चालायचं, कारण खाली लाकडी वासा असतो. पण धुळीत खिळे दिसतील तर ना! मग बायको घरातून काठीने वासा ठोकू लागली. ठक वाजलं की तिथे मी पाऊल टाकायचं. ठक, पाऊल. ठक, पाऊल. अर्धं छप्पर मी ऐटीत झाडलं.

पुढचं पाऊल उचललं आणि ठोका थांबला.

वडील परतले होते. सासऱ्यांसमोर सुनेने तोंड उघडायचं नाही, नवऱ्याला खुणावायचं तर नाहीच, ही घरची रीत. पत्र्याच्या भोकातून पाहिलं, तर पदर ओढून, काठी मागे लपवून ती भिंतीला लागलेली. वडील नेमके माझ्याखाली पाट टाकून बसले.

"आमचं दिवटं कुटं हाय?"

तिने पदर आणखी पुढे ओढला. माझी मांडी लटपटू लागली. शेवटी पाय टेकला तो पोकळ पत्र्यावर. पत्रा करकरत वाकला, वडिलांच्या टोपीवर धूळ सांडली, आणि आजवर त्यांच्यासमोर अवाक्षर न काढलेली सून किंचाळली,

"मामंजी, उठा की तितनं! हे तुमच्याच डोक्यावर पडायलेत!"