डाव्या दिव्याखालचा भोवरा

खासगी बाजार नावाच्या पेठेत राहणाऱ्या मानसिंगरावांना घोड्यातलं सगळं कळतं आणि बाकीचं काहीच कळत नाही. हे मी नाही म्हणत, त्यांच्या पत्नी सुधाताई म्हणतात, आणि तेही तोंडावर. पणजोबा संस्थानाच्या पागेत होते. पागा गेली, मानसिंगराव वीज कंपनीत तीस वर्षं काढून निवृत्त झाले, पण नजर काही पागेतून बाहेर आली नाही. माणूस भेटला की आधी त्याचे पाय बघणार. शेजारच्या शिवाजीरावांचा नवा जावई आला तेव्हा सगळे पेढे खात होते आणि हे महाराज त्या बिचाऱ्याला अंगणात चालायला लावून मागून बघत होते. वर "उजव्या पायात जरा दबतो," असं सांगून घरी आले. शिवाजीराव अजून बोलत नाहीत.

खरीखुरी घोडी मात्र त्यांच्याकडे एकच, बिजली. मुरारच्या पुढं नदीकाठच्या जमिनीवर तिचा तबेला. तिच्या डाव्या गालावर कायम एक लाल लोकरीचा गोंडा लोंबत असतो. दृष्ट लागू नये म्हणून, असं मानसिंगराव सांगतात. गोंडा धुवायचा झाला तरी स्वतः धुतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. या बिजलीवर त्यांची मुलगी गरिमा भाला घेऊन बसते. दौडत्या घोड्यावरून जमिनीत रोवलेली लाकडी खुंटी भाल्याच्या टोकानं उचलायची, असा तो खेळ. सहा वर्षं पोरीनं दुसरं काही केलं नाही, ना धड सिनेमे बघितले, ना धड लग्नाला गेली.

आणि आता पुण्याहून पत्र आलं होतं. संघाची निवड, रविवारी सकाळी, बारा दिवसांनी. घोडा ज्याचा त्यानं आणायचा. मैदान काळ्या मातीचं, परतीच्या पावसानं चिखल झालेला, तेव्हा चिखलातून निघेल असंच वाहन आणावं. गरिमाचं वय पुढच्या वर्षी या गटातून बाहेर जाणार होतं, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. घोडीचा ट्रेलर तयार होता, पण तो साडेअकराशे किलोमीटर ओढणार कोण? घरची जुनी जीप दसऱ्याला पूजा करून घेऊन जी बसली ती उठलीच नव्हती.

"पिकअप घेऊ," मानसिंगराव म्हणाले. "मी निवडतो."

सुधाताईंनी कपाळाला हात लावला.

मुलगा समरजीत फोन उघडून बसला होता. "बाबा, ये देखो. चारही चाकं ओढणारी पाहिजे, लो गियर पाहिजे, आणि ट्रेलर धरून दीड टन ओढायची ताकद. बस, इतना ही देखना है."

"कागदावर सगळेच घोडे पळतात," मानसिंगराव म्हणाले आणि पगडी घातल्यासारखी टोपी घालून निघाले.

फूलबागेजवळच्या पहिल्या शोरूममध्ये त्यांनी गाडीच्या पुढच्या चाकावर थाप मारली आणि सवयीनं म्हणाले, "हं, पाय." चाक काही उचललं गेलं नाही. मग बॉनेट उघडायला लावून आत वाकून बराच वेळ काहीतरी शोधलं. काय ते देव जाणे, बहुतेक दात. शेवटी सेल्समनला विचारलं, "इसकी माँ कौन?"

"सर, जपानी टेक्नॉलॉजी है," तो म्हणाला.

"बाप?"

समरजीत तिथून बाहेर जाऊन रस्त्यावर उभा राहिला. दुसऱ्या शोरूममध्ये तर मानसिंगरावांनी खुर्ची मागून घेतली आणि पाऊण तास एका पिकअपसमोर नुसते बसले. उभ्या उभ्या एक पाय हलका करते का, ते बघायचं होतं म्हणे. असे पाच दिवस गेले. गरिमा रोज संध्याकाळी तबेल्यातून येऊन विचारायची, "झालं?" आणि समरजीत मान हलवायचा. सहाव्या दिवशी तिनं विचारणंच सोडलं, तेव्हा मानसिंगराव दुसऱ्या दिवशी तासभर लवकर निघाले. पण परीक्षा ती परीक्षा.

सातव्या दिवशी पडाव भागात युवराजच्या आवारात दोन जुन्या पिकअप मिळाल्या. युवराज जुन्या गाड्या विकतो आणि गिऱ्हाईक बघून भाषा बदलतो. मानसिंगरावांना त्यानं येताक्षणीच "सरकार" म्हटलं.

पहिली तांबूस रंगाची, चारही चाकांच्या वाट्या पांढऱ्या आणि बॉनेटवर मधोमध पांढरा पट्टा. मानसिंगरावांनी हातच जोडले. "पंचकल्याणी!" चार पाय पांढरे, तोंड पांढरं, असा घोडा ज्याच्या दारात तो भाग्यवान. दुसरी करडी, मजबूत, चारही चाकं ओढणारी. समरजीत तिच्याकडे धावला. मानसिंगराव कमरेत वाकले, डाव्या दिव्याखाली बघितलं आणि दोन पावलं मागं सरले. तिथं कुणीतरी भिंतीला घासून गोल गोल ओरखडा काढला होता.

"आसूढाळ आहे," ते कुजबुजले.

डोळ्याखाली केसांचा भोवरा असलेला घोडा म्हणजे आसूढाळ. असला घोडा धन्याला रडवल्याशिवाय राहत नाही, असं जुने लोक सांगतात. फुकट दिला तरी घेत नाहीत.

"बाबा, वो स्क्रॅच है!"

"भोवराच आहे तो. पंचकल्याणी घेणार. मात्र घोडा घ्यायचा तर आधी चिखलात घालून बघायचा. चला नदीवर."

तबेल्यामागं नदीच्या उताराला गुडघाभर चिखल होता. ट्रेलरमध्ये बिजलीच्या वजनाइतकी वाळूची पोती भरली. सुधाताई डबा घेऊन आल्या होत्या, गरिमा बिजलीला धरून उभी होती. "बाबा, इसके सिर्फ पिछले पहिये चलते हैं," समरजीतनं शेवटचं सांगून बघितलं.

"घोड्याची ताकद मागच्या पायांतच असते," असं म्हणून मानसिंगरावांनी पंचकल्याणी चिखलात घातली.

दहा हात गेली आणि बसली. मानसिंगरावांनी जोर दिला तशी ती आणखी रुतली आणि मागच्या चाकांनी युवराजच्या पांढऱ्या शर्टाची एक बाजू रंगवून काढली. मानसिंगरावांनी जीभ टाळ्याला लावून टक् टक् केलं. खाली उतरून तिची मान थोपटली, म्हणजे दरवाजा. आरशाजवळ तोंड नेऊन हळूच काहीतरी सांगितलंही. पंचकल्याणी पोटापर्यंत गेली.

"अरे देवा, तिला गूळ द्या आता," सुधाताई काठावरून ओरडल्या.

युवराजनं करडी पिकअप मागवली, साखळी लावली आणि लो गियर टाकला. तिनं एकदा गुरगुर केली आणि पंचकल्याणी, ट्रेलर, वाळू असं सगळं वरात निघाल्यासारखं हळूहळू बाहेर आणून ठेवलं. समरजीतनं टाळ्या वाजवल्या.

मानसिंगराव चिखलात उभे होते. "बळ आहे," ते म्हणाले. "पण आसूढाळ. माझ्या पोरीला रडवणारी गाडी मी घेणार नाही. दुसरी बघू."

"दुसरी कधी बघणार, बाबा?" गरिमा म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "परवा निघायचंय." मग तिनं हात वर केला आणि बिजलीच्या गालावरचा लाल गोंडा बाजूला सारला.

डाव्या डोळ्याखाली, बरोबर बोटभर अंतरावर, भोवरा होता.

मानसिंगरावांनी खाली बघितलं. सहा वर्षांपूर्वी जत्रेत ही तरणी घोडी कोणी घेत नव्हतं. सगळे वाकून बघायचे आणि पुढं जायचे. चौदा वर्षांची गरिमा तिच्या गळ्याला मिठी मारून बसली ती उठेना. त्यांनी घोडी घेतली आणि घरी आल्या आल्या स्वतःच्या हातानं गोंडा शिवला.

"तुला कधीपासून माहीत?"

"पहिल्या दिवसापासून. मी खरारा करते ना तिला!"

"आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून," सुधाताईंनी डबा उघडत म्हटलं.

मानसिंगरावांनी खाकरून घसा साफ केला. "पण सहा वर्षांत तिनं मला एकदा तरी रडवलं का?"

"नाही ना?" गरिमा म्हणाली. "मी तेच तर सांगतेय."

मानसिंगरावांनी करड्या पिकअपभोवती एक फेरी मारली, डाव्या दिव्याखालच्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला आणि युवराजला म्हणाले, "हार आणा." त्या संध्याकाळी त्यांनी आणखी एक लाल गोंडा शिवला आणि डाव्या दिव्याखाली बांधला. ती पिकअप रस्ताभर एका गालावर फूल खोचल्यासारखी दिसत होती. ढाब्यांवर लोक थांबून बघायचे.

शनिवारी संध्याकाळी ते पुण्याला पोचले. मैदानाच्या वाटेवर दोन मोठे ट्रेलर रुतून बसले होते. त्यांच्या मधून करडी पिकअप बिजलीला घेऊन डुलत डुलत पलीकडं गेली.

रविवारी सकाळी गरिमा भाला घेऊन चढली तेव्हा मानसिंगराव पुढं झाले आणि त्यांनी बिजलीच्या गालावरचा गोंडा सोडून खिशात टाकला. "नको तिला उगाच ओझं," म्हणाले. कडेला उभे असलेले एक मिशाळ म्हातारे पुढं वाकले, डोळे बारीक करून त्यांनी घोडीकडं बघितलं आणि मानसिंगरावांच्या कानाशी येऊन म्हणाले, "अहो, घोडी आसूढाळ आहे तुमची. रडवेल हं एक दिवस."

मानसिंगराव काही बोलायच्या आत बिजली सुटली. चिखल उडाला, भाला खाली गेला, आणि वर आला तेव्हा टोकाला खुंटी होती. दुसऱ्या दौडीला खुंटी. तिसऱ्या दौडीलाही खुंटी. कर्ण्यावरून निवडलेल्यांची नावं वाचली, त्यात तिसरं नाव गरिमाचं होतं.

म्हाताऱ्यांनी वळून बघितलं तर मानसिंगराव करड्या पिकअपच्या बॉनेटवर डोकं टेकवून हुंदके देऊन रडत होते.

"सांगितलं नव्हतं?" म्हातारे म्हणाले.

सुधाताईंनी नवऱ्याच्या हातात रुमाल दिला. "खरं आहे हो तुमचं," त्या म्हणाल्या, "आणि आमच्याकडं तर दोन आहेत."