ढगात जाऊन आलेली माणसं

माझ्या मामांना हवाई दलात जायचं होतं ते विमान चालवायलाच. अठराव्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्यासमोर रंगीत ठिपक्यांचं एक पान धरलं आणि आत कोणता आकडा दिसतो ते विचारलं. मामांना नुसते ठिपके दिसले. लाल आणि हिरवा आपल्याला वेगळे ओळखता येत नाहीत, हे त्यांना तेव्हा कळलं. विमान हुकलं, पण भरती झाली. त्यांना हवामान विभागात टाकलं. आजी म्हणाली, बरं झालं, पाय तरी जमिनीवर राहतील. पाय राहिले, मान मात्र पुढची सव्वीस वर्षं वरच राहिली.

दर तासाला छपरावर चढायचं, आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे, त्यातले किती ढगांनी भरलेत, ढग कुठल्या जातीचे आणि किती उंचीवर, ते लिहून खाली द्यायचं. दिवसातून दोनदा फुगा सोडायचा आणि दिसेनासा होईपर्यंत त्याच्यावर दुर्बीण धरायची. फुगा नाहीसा झाला की आपलाही दोरा कुणीतरी सोडल्यासारखं वाटायचं, असं मामा सांगत. वैमानिक त्यांना ढगमास्तर म्हणायचे.

एका सकाळी धावपट्टीवर दाट धुकं होतं आणि आजारी जवानांना घेऊन एक मालवाहू विमान वर घिरट्या घालत होतं. मामा धावपट्टीच्या टोकाशी फोन घेऊन उभे होते. कडेचे किती दिवे दिसतात ते मोजून सांगायचं होतं. आठ दिसले तरच विमान उतरणार. मामांना सहा दिसत होते. वर इंधन संपत आलेलं. टॉवरमधल्या साहेबांनी दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा हळूच म्हणाले, "मास्तर, आठ धरू का?"

"धरू नका साहेब. सहाच आहेत."

मामांनी दिवे पुन्हा मोजले, पण सहाचे आठ झाले नाहीत. दहा मिनिटांनी सातवा दिवा उजळला, मग आठवा. विमान उतरलं. तरुण वैमानिक सरळ त्यांच्याकडे चालत आला आणि त्यानं त्यांचा हात हातात घेतला.

निवृत्तीनंतर सात-आठ वर्षांनी मामांची नजर जायला लागली. काचबिंदू होता, आणि उशिरा कळला. कडेकडेनं अंधार आत सरकत आला. मधे थोडासा धुरकट उजेड राहिला. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामी घरी कपडे शिवायची. ती म्हणाली, "आभाळ फाटलं तर ठिगळ कुठे लावायचं म्हणतात. बघू या, कुठवर शिवता येतंय ते."

दुसऱ्या दिवसापासून ती चहाचे कप घेऊन त्यांना गच्चीवर नेऊ लागली. मान वर करून, दिसेल ते आपल्या भाषेत सांगायची. आज पातळ मलमल आहे. आज चुण्या पडल्यात, बारीक, एकसारख्या. आज सगळीकडे राखाडी अस्तर. मामा डोळे मिटून ऐकायचे आणि उत्तर द्यायचे: चुण्या असतील तर वीस हजार फूट; अस्तर असेल तर हजारच्या खाली, विमानं आज बसून. सुरुवातीला ते तिला ढगांची शास्त्रीय नावं शिकवायला गेले. तिनं सांगितलं, तुमची नावं तुम्हालाच लखलाभ. मग त्यांनीच मलमल आणि अस्तर शिकून घेतलं.

तो तरुण वैमानिक एव्हाना मोठा अधिकारी होऊन निवृत्त झाला होता. जुन्या तळावर माजी सैनिकांचा मेळावा ठरला, तेव्हा त्यानं मामांना शोधून काढलं. कार्यक्रमात सगळ्यांना सपत्नीक एका मालवाहू विमानातून फिरवून आणणार होते. मामी नको म्हणत होती. उभ्या आयुष्यात ती विमानात बसली नव्हती. मामा बदलीच्या वेळी दोनदा बसले होते, पण सामानाच्या खोक्यांमधे, खिडकीपासून लांब. सव्वीस वर्षं ज्यांची नोंद केली ते ढग आतून कसे असतात, हे त्यांना माहीत नव्हतं.

अधिकाऱ्यानं त्यांना खिडकीपाशी बसवलं. विमान वर चढलं. मामी सांगत होती: घरं बटणांएवढी झाली, रस्ता धावदोऱ्यासारखा दिसतोय. मग विमान थरथरलं आणि ती एकदम गप्प झाली. मामांनी तिचा हात चाचपला.

"काय गं? काय दिसतंय?"

"अहो, काहीच नाही," ती म्हणाली. "खिडकीबाहेर नुसतं पांढरं. वर नाही, खाली नाही. पंखसुद्धा दिसेना."

मामांनी त्या धुरकट उजेडाकडे तोंड वळवलं. "मलाही तेवढंच दिसतंय," ते म्हणाले.

दोघं त्या पांढऱ्याकडे बघत बसली. मामी मला नंतर म्हणाली, किती वेळ गेला ते कळलं नाही. यांना काय दिसतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, आणि भीती वाटली नाही.

उतरल्यावर तिला मळमळत होतं. अधिकाऱ्यानं लिंबाची गोळी दिली, गाडीपर्यंत पोचवलं. घरी येऊन दोघं दुपारी चारपर्यंत गाढ झोपली. शेजारणीनं बेल वाजवून विचारलं, सकाळपासून होतात कुठे? मामीनं केस बांधत सांगितलं, "ढगात गेलो होतो. आलो परत."

शेजारीण दचकली. आतून मामांचं हसणं ऐकू आलं.